भिजत घातलेले तांदूळ आणि पालथा सूर्य

रूथ, तू तांदूळ भिजत घातले होतेस, हे मला तुझ्या आईकडून कळलं.

तुझी माती होऊन दोन-तीनच दिवस झाले होते. तुझी आई, जिला मी मावशी म्हणते, देवळाली प्रवऱ्याहून तुझा सावेडीतला फ्लॅट आवरायला आली होती आणि मी तिच्या हाताखाली होते. खरं म्हणजे आवरत कोणीच नव्हतं. ती एक भांडं उचलायची, पुसायची आणि होतं तिथेच परत ठेवायची. मी तुझ्या चपला दाराआड सरकवल्या, मग बाहेर काढल्या, मग पुन्हा आत घेतल्या. मध्येच मावशी म्हणाली, “नलू, ओट्याखाली पातेलं हुतं बघ. तांदूळ भिजत घातल्याले. पार आंबून गेल्ते, वास मारीत हुते. टाकले म्या. कशापायी भिजवले आसतील गं? ना नाताळ, ना कोन पाव्हनं.”

मी चपला पुन्हा बाहेर काढल्या. कशापायी ते मला माहीत होतं. जगात फक्त मलाच माहीत होतं.

लोक मला विचारतात, रडलीस का? नीट अशी मी अजून रडलेलेच नाही. रडायला आधी काय झालंय ते कळावं लागतं, आणि माझ्या डोक्यात नुसता गुंता झालाय. गुरुवारी तू फोनवर हसतेस, शुक्रवारी सकाळी तू उठत नाहीस, डॉक्टर म्हणतात हृदय झोपेतच थांबलं, आणि ओट्याखाली तांदूळ मात्र आपले भिजतच आहेत. यातलं कुठलं कुठल्याला जोडायचं?

आपल्या भांडणांचा एक कायदा होता. हरलेलीने जिंकलेलीला अनारसे करून खाऊ घालायचे, तेही थेट तांदूळ भिजवण्यापासून. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग पंच्यावर वाळवायचे, कुटायचे, चाळायचे, गुळात मळून गोळा मुरायला ठेवायचा. दुकानातलं तयार पीठ आणलं तर हार कबूल केली असं धरायचं नाही. पुण्याला शिकत असताना आपण एका खोलीत राहायचो. पुणतांब्याच्या शेतकऱ्याची पोर मी, देवळालीच्या ख्रिस्ती मास्तरांची तू. नाताळची सुट्टी संपवून तू मावशीच्या हातच्या अनारशांचा डबा आणायचीस. त्यातल्या शेवटच्या अनारशावरून जे भांडण झालं, त्यातून हा कायदा निघाला. दोघींनाही ते कधी जमले नाहीत. कढईत उलटले की हसायचे, तुपात विरघळून गाळ व्हायचा, आणि मग तो गाळ आपण चमच्याने खायचो. जिंकणारीलाही शिक्षाच होती ती.

तेव्हा तांदूळ भिजले होते म्हणजे तू हरली होतीस. एवढं सरळ होतं ते. निदान मला तसं वाटलं.

या वेळचं भांडण साधंसुधं नव्हतं, पुरी दोन वर्षं चाललेलं होतं. सूर्याकडे टक लावून बसलेलं ते यान. आपल्या डोळ्यांना न दिसणारा, हवेत अडून जमिनीपर्यंत न पोचणारा सूर्याचा अतिनील उजेड ते टिपतं, आणि त्याची चित्रं जगात कोणालाही फुकट बघायला मिळतात. तू ती सावेडीत बसून बघायचीस. खालच्या मजल्यावरच्या काकू सगळ्यांना सांगायच्या, “मॅडम खिडक्या लावून घरात बसतात आन् सूर्य बघतात.” त्यांना ते विनोदी वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू. मी कॉलेजच्या गच्चीवर उन्हात भाजत दुर्बिणीतून कागदावर सूर्य पाडायचा, मुलींकडून सौरडाग काढून घ्यायचे, आणि तू पंख्याखाली चहा पीत त्याच सूर्याबद्दल मला शिकवायचंस.

एके दिवशी त्या चित्रांत तुला सूर्याच्या उत्तर टोकाशी, अगदी कडेला, एक फिकट ठिपका दिसला. आज दिसतोय, उद्याही आहे, महिन्यानंतरही आहे. तू म्हणालीस, हा सूर्यावरचा. तिथे काहीतरी चाललंय जे कोणी नीट पाहिलेलं नाही. मी म्हणाले, हा कॅमेऱ्याचा दोष. आत कुठेतरी आडवातिडवा उजेड शिरतोय.

“तुझ्या चष्म्याला बोट लागलंय, रूथ. पूस, म्हणजे सूर्य स्वच्छ होईल.”

“आणि तुझ्या डोक्याला झाकण लागलंय. ते काढ, म्हणजे हवा जाईल.”

असं भांडत भांडत आपण दोघींनी लेख लिहिला. छापण्याआधी ज्यांनी तो तपासला, त्यांनीही नेमकं माझंच वाक्य विचारलं: हा ठिपका सूर्याचा की कॅमेऱ्याचा? त्या दिवशी मी तुला इतकं चिडवलं की तू मला चहा दिला नाहीस.

उत्तर द्यायला आपल्याकडे काहीच नव्हतं. आणि मग यानाचा अँटेना अडकला. तो वळेना, तेव्हा पृथ्वीशी बोलणं चालू ठेवायला ज्यांचं यान आहे त्यांनी ते अख्खंच पालथं करायचं ठरवलं. यानाच्या आयुष्यात पहिल्यांदाच. जगातल्या लोकांना काळजी लागली होती आणि तू नाचत माझ्या घरी आलीस.

चष्म्यावरचा डाग मान वाकडी केली तरी चष्म्यासोबत येतो, भिंतीवरचा डाग भिंतीवरच राहतो. यान पालथं झालं की त्याच्या कच्च्या चित्रात सूर्यही पालथा दिसणार. ठिपका सूर्यावरचा असेल तर सूर्याबरोबर तोही वरचा खाली जाईल. कॅमेऱ्यातला असेल तर होता तिथेच, वरच राहील. बस्स. शेंबड्या पोरालाही कळेल असा निकाल. आपण हातावर हात मारला आणि वाट बघत बसलो.

गुरुवारी तुझा फोन आला. “पहिली चित्रं आली, नले.”

“मग?”

तू हसायला लागलीस. ते तुझं पोटातून येणारं, वाक्य पूर्ण होऊ न देणारं हसू. “पुढच्या रविवारी ये.”

“पुढच्या? अगं या रविवारी का नको? जिंकलीस का हरलीस ते तरी सांग.”

“पुढच्याच. आणि मध्ये काही बघायचं नाही, तुला शपथ आहे.”

मी फोन आदळला. तू जिंकलीस तरी हसायचीस आणि हरलीस तरी हसायचीस, त्यामुळे हसण्यावरून काही कळण्याची सोय नव्हती. पुढचा रविवार कशाला, तेही तेव्हा कळलं नाही. तांदळाचं ऐकल्यावर कळलं. अनारशांना तेवढे दिवस लागतात.

तुझ्या मातीला मी होते, पण तिथे काय करायचं ते मला येत नव्हतं. सगळे उभे राहिले की उभी राहायचे, बसले की बसायचे. गाणी पेटी-तबल्यावरची, ओळखीच्या चालीची, पण शब्द येईनात. पाळकसाहेब म्हणाले, आपली भगिनी आता वर आहे. माझ्या मनात आलं, ही आता शेजारून कोपरखळी मारणार आणि पुटपुटणार, वर म्हणजे कुठे, ते यानाला विचारा. मी खरोखर बाजूला बघितलं. तिथे तुझे चुलते होते. त्यांना वाटलं मला रुमाल हवाय, त्यांनी दिला.

घरी आले तर आमच्या आईचा पुणतांब्याहून फोन. “त्येंच्यात धावा-तेरावा नसतो का गं? मग तिचं कसं हुनार?” मी म्हणाले, नसतो. पण दहाव्या दिवशी, कॉलेजात तास घेताना, मला उगीचच गोदावरीचा घाट दिसत राहिला. तुझा पिंड ठेवला असता तर कावळा शिवला असता का? मला वाटत होतं, नसता. काहीतरी अडलेलं होतं, आणि ते काय हे मला समजत नव्हतं. शिकवता शिकवता मी फळ्यावर सूर्य पृथ्वीभोवती फिरवला. मुलीसुद्धा बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत.

आणि हेही सांगून टाकते. तांदळाचं कळलं तेव्हा मला आधी बरं वाटलं. एक क्षण. दोन वर्षं मी म्हणत होते तेच खरं निघालं होतं. मग तो क्षण गेला आणि सगळं रिकामं झालं. जिंकून काय करू? चिडवायचं कोणाला?

तू हरली असशील तर लेख मागे घ्यायला हवा होता. तुझं नाव पहिलं, माझं दुसरं. चुकीच्या लेखावर तुझं नाव राहू देणं बरं नव्हतं. मी पत्र लिहायला बसले. ‘पडताळणीनंतर असे दिसून आले की’ इथपर्यंत लिहिलं. पुढे पडताळणीचं चित्र जोडायचं, म्हणून तुझी शपथ मोडून पालथ्या यानाची कच्ची चित्रं उतरवून घेतली.

ठिपका खाली होता.

मी डोळे चोळले. जुनं चित्र उघडलं. ठिपका वर. नवं उघडलं. ठिपका खाली. मला वाटलं, यान पालथं झालंच नसेल आणि मीच काहीतरी घोळ घालतेय. म्हणून त्या नव्या चित्राच्याच तारखेला आमच्या मुलींनी गच्चीवर काढलेलं सूर्याचं चित्र शोधलं. त्यातल्या दिशा पक्क्या असतात, तुलाच तो नाद होता. दुर्बीण हलवायची नाही, सूर्य आपोआप कागदावरून सरकत जातो, ज्या बाजूने बाहेर पडतो ती पश्चिम. त्या कागदावर सौरडागांची जोडी उत्तरेला होती. यानाच्या नव्या चित्रात तीच जोडी खाली. म्हणजे यान खरोखर पालथं होतं, सूर्य खरोखर पालथा दिसत होता, आणि ठिपका सूर्याबरोबर गेला होता.

तो सूर्यावरचा आहे, रूथ. तू बरोबर होतीस.

मग तांदूळ कशाला भिजवलेस?

दोन दिवस मी वेड्यासारखी हाच विचार करत होते. मला वाटलं, मावशीची चूक झाली असेल, इडलीचे असतील. पण नुसते तांदूळ, डाळ नाही. मला वाटलं, तू थट्टेने माझ्याचसाठी भिजवून ठेवले असशील, पुढचं सगळं माझ्याकडून करून घ्यायला. पण कायद्यात तसं बसत नव्हतं, आणि कायद्याच्या बाबतीत तू वकिलाच्या वर होतीस. मग वाटलं, तुला काहीतरी दिसलं जे मला दिसत नाहीये. हे सगळ्यांत शक्य होतं. आजवर तसंच होत आलंय.

शेवटी स्कूटर काढली आणि भरदुपारी तुझ्या फ्लॅटवर गेले. मावशीने किल्ली माझ्याकडेच ठेवली आहे. तुझ्या कामाच्या खोलीतली भिंत तशीच होती, चिकटपट्टीने लावलेले सूर्यच सूर्य. मी खुर्चीत बसले, तुझ्या खुर्चीत, आणि तू बघायचीस तशी बघत राहिले. डावीकडे जुनी चित्रं. उजव्या टोकाला एक नवं, कडा अजून न कापलेली. डावीकडे ठिपका खाली. उजवीकडेही ठिपका खाली.

मग लख्ख आठवलं.

तू चित्रं उलटी लावायचीस. फार वर्षांपूर्वी गच्चीवर माझ्या एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, मॅडम, दुर्बिणीतून सूर्य उलटा पडतो तर चित्र चुकणार नाही का? आणि तू म्हणाली होतीस, उलट्याचंच चांगलं येईल. सरळ बघितलं की डोळा ओळखीचं शोधतो, त्याला हवं तेच बघतो. तेव्हापासून तू प्रत्येक छापील चित्र खालचं वर करायचीस, तारखेची पट्टी कात्रीने कापून टाकायचीस आणि मगच भिंतीवर लावायचीस. “आपल्याच म्हणण्याच्या प्रेमात पडायचं नाही, नले. डोळा लई लबाड असतो.” एरवी तू शुद्ध बोलायचीस, पण हे वाक्य बोलताना नेहमी देवळालीला जायचीस.

गुरुवारी पहिलं चित्र आलं. तुला धीर निघाला नसणार. छापलंस आणि तसंच, सरळ, भिंतीवर लावलंस. मागे सरून बघितलंस. जुन्यात ठिपका खाली, नव्यात ठिपका खाली. हललाच नाही! कॅमेऱ्याचाच तर. नली बरोबर होती. जुनी तू स्वतः उलटी केली होतीस, नवं यानाने उलटं केलं होतं. दोन उलट्यांत तुझा सुलट निकाल गिळला गेला.

दुसरं कोणी असतं तर चार वेळा ताडून पाहिलं असतं, कारण दोन वर्षांची मेहनत जात होती. तू पाहिलं नाहीस. स्वतःच्या बाजूचं उत्तर आलं की दहा वेळा तपासायचीस, विरुद्ध आलं की लगेच मान्य. मला हा तुझा मोठेपणा वाटायचा. आता राग येतो. हा कसला न्याय? स्वतःवर इतका अविश्वास कोणी ठेवतं का? एकदा, एकदाच, स्वतःच्या बाजूने हटून बसली असतीस तर काय बिघडलं असतं? दोन दिवसांत तुझं तुलाच कळलं असतं, मला माहीत आहे. पण दोन दिवस कुठे होते.

तू ‘मी हरले’ असं समजून गेलीस. आणि हरले असं समजून हसत होतीस. यातलं कुठलं मी लक्षात ठेवू?

लेखाचं उत्तर मी पाठवलं. ठिपका सूर्यावरचा आहे एवढंच लिहिलं. तो नक्की काय आहे ते मला माहीत नाही, आणि ज्या माणसाला विचारायचं ते माणूस उरलेलं नाही. तुझं नाव पहिलंच ठेवलंय, त्यापुढे एक बारीक खूण आणि तळाशी ‘लेखिका आता हयात नाहीत’ अशी एक ओळ जोडावी लागली. ती ओळ लिहिताना मात्र मी रडले. भिंत मी आवरलेली नाही. ते शेवटचं चित्र तेवढं फिरवून, बाकीच्यांसारखं उलटं लावलं. आता त्यात ठिपका वर दिसतो.

आणि मी तांदूळ भिजवले. रोज पाणी बदललं, वाळवले, कुटले, चाळले, गोळा मुरवला. तो डब्यात घालून परवा देवळालीला गेले. मावशीने कढई चढवली आणि विचारलं, “आता कशापायी गं अनारसे?”

“मी हरले, मावशी. रूथ जिंकली.”

“कशात?”

“सूर्यावर एक ठिपका आहे. ती म्हणायची आहे, मी म्हणायचे नाही. तर तो आहे.”

मावशी तुपाकडे बघत राहिली. “मंग तिनं कशाला भिजवले हुते?”

“तिला वाटलं, आपण हरलो. फोनवर नुसती हसत होती, सांगितलं काहीच नाही.”

तिला हे कळलं का नाही, मला सांगता येणार नाही. पहिला अनारसा हसला, आपल्यासारखाच, गाळ झाला. दुसरा टिकला. मी झारा घालून तो उलटायला गेले तशी तिने माझं मनगट धरलं. “उलटू नको! अनारसा उलटायचा नसतो बाई. खसखस वरच ऱ्हाऊ दे, वरून तूप सोड. तिला बी हेच सांगून थकले म्या. ऐकलं कधी?”

म्हणून आपले हसायचे, रूथ. इतकी वर्षं दोघी उलटत होतो.

मग तिने हळूच विचारलं, “फोनवर हसत हुती म्हनलीस?”

“हो. खूप.”

“मंग झालं तर,” मावशी म्हणाली, आणि पदराने डोळे पुसून पुढचा अनारसा थापायला घेतला.

तिचं झालं. माझं होत नाही. बशीत एक अनारसा आहे, खसखस वर, मोडलेला नाही, आजवरच्या आयुष्यातला पहिला. कायद्याप्रमाणे तो जिंकलेलीने माझ्यासमोर बसून खायचा. तुमच्या घरात नैवेद्य दाखवत नाहीत, आमच्या घाटावरचा कावळा तुला ओळखत नाही. आता तूच सांग, हा मी कोणापुढे ठेवू?